सहा युनिट

मला दुकानं पाट्यांवरून आठवत नाहीत,
आकड्यांवरून आठवतात.

वीज मंडळाची खाकी पिशवी, कानावर शिसपेन्सिल,
आणि जालना स्टेशनाच्या पलीकडे
नुकत्याच आखलेल्या तीन वसाहती.
चुन्याच्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या.
बाभळी तोडल्या तिथं
आधी दुकानं आली, घरं मागून.

मन्मथप्पाची पिठाची गिरणी : चारशे अकरा.
नवी ज्वारी आली की पाचशेच्या पुढं.
पापण्या पांढऱ्या, बोलणं पट्ट्याच्या आवाजावर ओरडून,
"चाक फिरतंय तवर लिवून घ्या, सायेब!"

खाजामियांचं सायकलचं दुकान : नऊ.
तासाला दोन आणे, हवा फुकट.
पंक्चर शोधायला दिवा कशाला, म्हणायचे,
"पानी खुद बोलता, सुराख किधर है."

नूतन फोटो स्टुडिओ : बावीस, त्यातले निम्मे लाल.
तिन्ही वसाहतींतल्या लग्नाच्या पोरी
एकाच कागदी गुलाबाशेजारी उभ्या राहून गेल्या.

बर्फाचा कारखाना. तिथं आकडा लिहिताना
पेन्सिलच गार लागायची.

चांदमल मुथा, किराणा : बारा.
एकच दिवा, त्यावर वर्तमानपत्राची टोपी,
उजेड गल्ल्यापुरता आणि उधारीच्या वहीपुरता.

तुळशीराम परीट : तीन.
इस्त्री कोळशाची.

आणि कोपऱ्यावर सालोमी सिस्टर,
मिशनची नोकरी सोडून आलेली.
पाटीवर तिनं स्वतःच रंगवलेलं :
बाळंतपणासाठी रात्री केव्हाही दार वाजवा.
पाटीवर पंचवीसचा दिवा, रात्रीचे आठ तास,
महिन्याचे सहा युनिट.
ती पाटी मी रात्री कधी वाचली नव्हती,
नुसता हिशेब केला होता.

बाळंतपणाचे पैसे रोख कोण देतं?
कुणी पायलीभर ज्वारी, कुणी पाय बांधलेली कोंबडी.
मंडळ कोंबडी घेत नाही.
तिसऱ्या थकलेल्या बिलावर
कट-आउट काढून आणायचा शेरा माझ्याच अक्षरात आहे.

त्या महिन्यात सिस्टरपुढं लिहिलं : शून्य.
आणि एका रात्री शेवटच्या गाडीनं उतरलो
तर पाटीवर दिवा.

शिडी लावली असती तर वायर सापडली असती.
साहेबानं पाठ थोपटली असती.
मी घरी गेलो आणि नोंदवही चाळत बसलो.

श्रावण, खाजामियां : पंधरा.
भादवा, तुळशीराम : नऊ.
अश्विनात चांदमल : अठरा.
हो, चांदमल,
ज्यानं मयताच्या घरची उधारीही सोडली नव्हती.
गिरणीत सहा आले-गेले कळत नाहीत,
तिथं किती महिने होते, मन्मथप्पा जाणे.
सगळ्यांनी बिलं वेळेवर भरलेली.

"तुळशीराम, कोळशाच्या इस्त्रीला नऊ युनिट?"
त्यानं सदऱ्यावर पाणी शिंपडलं.
वर बघितलं नाही.
"पाऊस लई लागलाय, सायेब. कोळसे पेटंनात."
हे उत्तर कुठल्या प्रश्नाचं होतं,
मी विचारलं नाही.
नऊ लिहिले.

एकदा सिस्टरच म्हणाली,
हात कोपरापर्यंत साबणात,
आत कुणीतरी नुकतंच पहिल्यांदा रडलेलं,
"भाऊ, माझा मीटर बंद आहे ना?
मग दर महिन्याला येऊन काय वाचता?"
म्हटलं, शून्यसुद्धा लिहावं लागतं, बाई.
ती हसली असावी. पंप्याच्या आवाजात ऐकू आलं नाही,
स्टोव्हवर पाणी उकळत होतं.

बदली अंबडला झाली.
वही घ्यायला आलेला पोरगा हुशार,
नाव मधुसूदन, बोटानं रकाने तपासत चाललेला.
"हे सहा युनिट या दुकानातून त्या दुकानात कसे जातात?
मीटर खराब आहेत का?"

मीटर ठीक आहेत, मी म्हटलं.
तो आकडा फिरतीवर असतो.

त्यानं पेन्सिलीला टोक केलं,
माझ्याकडं बघितलं, मग वहीकडं.
बाहेर टांगेवाला घाई करत होता.